विमानांच्या वेळा : लाओसच्या पठारावरचे बालपण

हवाई युद्धाचा इतिहास बहुतेक वेळा आकाशातून लिहिला जातो. कोणत्या तळावरून किती विमाने उडाली, त्यांनी किती टन बॉम्ब टाकले, नकाशावरच्या कोणत्या बिंदूवर ते पडले आणि किती विमाने परत आली, याची नोंद हवाई दले काटेकोरपणे ठेवतात आणि पुढे इतिहासकारही त्याच नोंदवह्या उघडून बसतात. त्यामुळे त्या बिंदूवर जे गाव होते, तिथे त्या दिवशी लावणी चालली होती की मळणी, रेडे कुठे बांधले होते आणि मुले कुठे खेळत होती, हे त्या इतिहासात सहसा येत नाही. शहरांच्या बाबतीत ही उणीव पुष्कळशी भरून निघाली आहे, कारण लंडन, ड्रेस्डेन किंवा टोकियो या शहरांतल्या लिहित्या-वाचत्या नागरिकांनी आपल्यावर काय गुदरले ते लिहून ठेवले. खेड्यांच्या वाट्याला ही सोय फारशी आली नाही. लाओस या देशातील शिएंगखुआंग प्रांत हा त्याला ठळक अपवाद आहे, कारण तिथल्या शेतकऱ्यांनी आणि त्यांच्या मुलांनी १९७०-७१ या काळात, युद्ध अजून चालू असतानाच, वह्यांच्या पानांवर आपल्या आठवणी लिहिल्या आणि चित्रे काढली. जगाला ज्या बॉम्बफेकीचा पत्ताही लागू दिलेला नव्हता, तिचा जमिनीवरून दिलेला पहिला सलग पुरावा म्हणून या पानांकडे पाहावे लागते.

शिएंगखुआंग हा ईशान्य लाओसमधला डोंगराळ प्रांत आहे आणि त्याच्या मध्यभागी समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंचीवर एक विस्तीर्ण, गवताळ पठार पसरले आहे. या पठारावर आणि भोवतालच्या टेकड्यांवर दगडात कोरलेले प्रचंड रांजण शेकडोंनी विखुरलेले असल्याने लाओ भाषेत त्याला ‘थोंग हाय हिन’, म्हणजे दगडी रांजणांचे पठार, असे म्हणतात. मादलेन कोलानी या फ्रेंच संशोधक बाईंनी १९३०च्या दशकात त्यांचा पहिला शास्त्रीय अभ्यास केला आणि लोहयुगातील लोकांच्या अंत्यविधीशी त्यांचा संबंध जोडला. गावकऱ्यांची दंतकथा मात्र असे सांगते की कोण्या एका राजाच्या महाकाय योद्ध्यांनी विजयोत्सवासाठी या रांजणांत तांदळाची दारू गाळली. पठारावरचे बहुसंख्य रहिवासी फुआन या लाओ भाषककुळातील, बौद्ध धर्म पाळणारे आणि पाण्याखालच्या खाचरांत भात पिकवणारे होते, तर उंच डोंगरांवर हमोंग आणि खमू लोकांची वस्ती होती, जे आपल्याकडच्या कुमरीसारखी, म्हणजे रान तोडून-जाळून केलेली फिरती शेती करत. लाकडी खांबांवर उभारलेली घरे, घराखाली बांधलेली गुरे, गावाच्या कडेला ‘वाट’ म्हणजे बौद्ध मंदिर आणि विहार, वेताच्या झाकणाच्या टोपलीत ठेवलेला चिकट भात, आणि बाकी सगळे पावसावर अवलंबून, असे हे जगणे होते. त्यातली एक गोष्ट पुढच्या विवेचनासाठी महत्त्वाची आहे : या समाजात मुलांना शाळेआधी रेडे सांभाळायचे काम मिळे. भर दिवसा, मोकळ्या माळावर, गावापासून दूर जर कोणी असेल, तर ते गुराखी पोर असे.

या पठाराच्या दुर्दैवाचे मूळ भूगोलात आहे. उत्तर व्हिएतनाममधून मेकाँग नदीच्या खोऱ्याकडे उतरणारे रस्ते याच पठारावर एकत्र येतात, त्यामुळे ज्याच्या ताब्यात पठार त्याच्या हाती उत्तर लाओस, असे समीकरण होते. २३ जुलै १९६२ रोजी जिनिव्हा येथे १४ देशांनी लाओसच्या तटस्थतेच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. त्यांत भारतही होता, आणि कराराच्या पालनावर लक्ष ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपदही भारताकडे होते, तर कॅनडा आणि पोलंड हे त्याचे दुसरे दोन सदस्य होते. कागदावर तटस्थ असलेल्या या देशात उत्तर व्हिएतनामचे सैन्य आणि त्याच्या आधाराने लढणारे पाथेट लाओ हे साम्यवादी दल एका बाजूला, तर अमेरिकेच्या पैशांवर उभे राहिलेले राजेशाही सरकारचे सैन्य आणि अमेरिकी गुप्तचर संस्थेने घडवलेली हमोंग फौज दुसऱ्या बाजूला, अशी लढाई प्रत्यक्षात थांबलीच नाही. १९६४च्या मध्यात पठारावर पंख्याची टी-२८ विमाने बॉम्ब टाकू लागली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकी हवाई दलाने तिथे आपली स्वतंत्र मोहीम उघडली. करार उघडपणे मोडल्याचे दिसू नये म्हणून ही मोहीम गुप्त ठेवण्यात आली. मार्च १९७०मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ती जाहीरपणे मान्य करेपर्यंत अमेरिकेच्या नागरिकांना तिची अधिकृत माहिती नव्हती.

नोव्हेंबर १९६८मध्ये अमेरिकेने उत्तर व्हिएतनामवरची बॉम्बफेक थांबवली, तेव्हा शांततेच्या दिशेने पडलेले पाऊल म्हणून जगाने त्याचे स्वागत केले. त्या निर्णयामुळे मोकळी झालेली विमाने लाओसकडे वळवण्यात आली आणि पठारावरच्या हल्ल्यांची संख्या पूर्वीच्या कितीतरी पट झाली, हे त्या वेळी फार थोड्यांच्या ध्यानात आले. १९६४ ते १९७३ या नऊ वर्षांत लाओसवर सुमारे ५ लाख ८० हजार बॉम्बफेकी उड्डाणे झाली आणि २० लाख टनांहून अधिक स्फोटके पडली. सरासरी काढली तर दिवसरात्र, दर आठ मिनिटांनी एका विमानाने आपला भार रिकामा करावा, आणि हे नऊ वर्षे चालू राहावे, असा त्याचा अर्थ होतो. सरासरी मात्र फसवी असते, कारण हा मारा साऱ्या देशावर सारखा पडला नाही. दक्षिणेकडचा हो चि मिन्ह मार्ग, म्हणजे उत्तर व्हिएतनामचा रसदमार्ग, आणि उत्तरेकडचा शिएंगखुआंग-हुआफान या प्रांतांचा पट्टा यांनी त्याचा फार मोठा वाटा सोसला.

१९६९च्या उत्तरार्धात सरकारी फौजांनी पठार काही काळासाठी जिंकले आणि तिथल्या हजारो रहिवाशांना विमानांतून राजधानी व्हिएन्टियानच्या परिसरात हलवण्यात आले. पठार पुन्हा हातचे जाण्याच्या बेतात असताना, १९७०च्या आरंभी, उरलेल्यांनाही तसेच उचलून आणले गेले. मैदानी प्रदेशातल्या छावण्यांत, गवताच्या छपराखाली, उकाड्याची सवय नसलेली ही डोंगरी माणसे बसून होती. फ्रेड ब्रॅनफमन हा तरुण अमेरिकी १९६७पासून एका स्वयंसेवी संस्थेच्या शिक्षणकार्यासाठी लाओसमध्ये राहत होता, लाओ भाषा शिकला होता आणि सप्टेंबर १९६९मध्ये पहिल्यांदा या निर्वासितांना भेटला. त्यांच्या तोंडून जे ऐकले त्यावर त्याचा आधी विश्वास बसेना, आणि बसल्यावर त्याने दुसरे सगळे काम बाजूला ठेवले. त्याने आणि बुआंगएउन लुआंगप्रासेउथ या त्याच्या लाओ सहकाऱ्याने छावण्यांतल्या लोकांना कागद, पेन्सिली आणि रंग दिले आणि आपल्याला जे आठवते ते लिहा किंवा काढा, एवढेच सांगितले. लिहिणाऱ्यांत किशोरवयीन मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे होते. बहुतेकांनी आयुष्यात सलग असे काही प्रथमच लिहिले होते. यांतला निवडक भाग १९७२मध्ये अमेरिकेत पुस्तकरूपाने आला. लिहिणाऱ्यांची नावे त्यांच्या सुरक्षिततेसाठी छापलेली नाहीत, त्यामुळे वाचकाला फक्त वय कळते.

या नोंदी वाचताना पहिल्यांदा जाणवते ती त्यांतली कालगणना. तारखा जवळजवळ नाहीतच. अमुक घटना भात फुलोऱ्यात असताना घडली, तमुक कापणीनंतर, तमुक धाकटा भाऊ रांगत होता तेव्हा, अशा खुणांवर आठवणी टांगलेल्या आहेत. कागदोपत्री पुराव्याची सवय असलेल्या अभ्यासकाला ही उणीव वाटण्याचा संभव आहे, परंतु कृषिसमाजातील स्मृती अशीच बांधली जाते, आणि ती अधिक तपशीलवारही असते, कारण पिकाची अवस्था सांगितली की पाऊस, अन्नसाठा, माणसे दिवसभर कुठे होती आणि गावात मागे कोण राहिले होते, हे सगळे त्यात आपोआप येते.

दुसरी गोष्ट म्हणजे दिवसाची उलटापालट. विमाने बहुतांशी उजेडात येत, म्हणून गावाने आपले जगणे अंधारात नेले. उजाडण्यापूर्वी आणि तिन्हीसांजेनंतर लोक खाचरांत उतरू लागले. चंद्र असेल तर चंद्राच्या प्रकाशात, नसेल तर हाताच्या अंदाजाने रोपे रोवली जाऊ लागली. दिवसा चूल पेटवायची नाही, कारण धूर वर जातो. उजळ कपडे घालायचे नाहीत आणि माळावर घोळक्याने चालायचे नाही, कारण वरून दिसते. आकाशाच्या नजरेने स्वतःकडे पाहणे हे या मुलांचे पहिले शिक्षण ठरले. सात-आठ वर्षांचे मूल वाळत घातलेल्या कापडाकडे, पाण्याच्या चकाकीकडे, ओल्या मातीत उमटलेल्या रेड्याच्या पावलांकडे वरून काय दिसेल या हिशेबाने पाहू लागते, तेव्हा त्याच्या मनाची घडण कशी झाली असेल, याचा विचार या काळाच्या अभ्यासात फारसा झालेला नाही.

तिसरी गोष्ट कानांची. या खेड्यांत बहुतेकांनी मोटारगाडी क्वचितच पाहिली असेल, पण मुलांना विमानांच्या जाती नावानिशी ठाऊक होत्या आणि ती आवाजावरून ओळखत. आधी एक लहान, हळू उडणारे, एका इंजिनाचे टेहळणी विमान येई आणि गावावर घिरट्या घाली. त्यातला वैमानिक लक्ष्य ठरवी आणि त्या जागी पांढऱ्या फॉस्फरसचा, म्हणजे हवेशी संपर्क येताच पेटून दाट पांढरा धूर सोडणाऱ्या रसायनाचा, अग्निबाण सोडी. मग तो धूर पाहून थायलंडमधल्या तळांवरून आलेली एफ-१०५सारखी जेट विमाने झेपावत. म्हणजे टेहळणी विमानाची गुणगुण आणि जेटचा कडकडाट यांच्यामध्ये जो काही अवधी मिळे, तेवढ्यात धाकट्याला उचलायचे, आजीला हाताला धरायचे आणि खड्डा गाठायचा. जेट विमानाचा आवाज त्याच्या मागून येतो, त्यामुळे तो ऐकू आल्यावर पळून उपयोग नसतो, हेही मुलांना अनुभवाने कळलेले होते. रात्री प्रकाशगोळे, म्हणजे छत्रीला लटकत सावकाश उतरणारे झगझगीत दिवे, सोडले जात आणि त्यांच्या उजेडात तोफांची विमाने घिरट्या घालत मारा करत, तेव्हा अंधाराचा आसराही उरत नसे.

खड्डा हा या आठवणींचा खरा केंद्रबिंदू आहे. आरंभी तो घराशेजारीच, गुडघाभर आणि उघडा असा खणला जाई. हल्ले वाढले तसा तो आत वळवून भुयारासारखा करण्यात आला. आणि गावातली घरेच जळू लागली तेव्हा लोक घर सोडून रानाच्या कडेला, ओढ्याच्या काठाला किंवा टेकडीच्या उतारात खणलेल्या बिळांत कायमचे राहू लागले. आत माती, वर लाकडे आणि पुन्हा माती, तोंड जेमतेम एका माणसाला वाकून शिरता येईल एवढे. पावसाळ्यात खाली पाणी साचे. हालचाल कमी, सूर्यप्रकाश नाही, कोंदट हवा, त्यात हिवताप आणि खोकला. बाळंतपणेही तिथेच होत. बाहेर मोठी माणसे दिवसाच्या कामाची आखणी करत असताना आत मुलांना एकच काम असे, ते म्हणजे गप्प बसणे. धाकटी भावंडे रडू लागली की थोरली त्यांच्या तोंडावर हात ठेवत. विमानातल्या माणसाला खालचे रडणे ऐकू येत नाही, हे आज सांगता येते. त्या बिळातल्या मुलीला ते कोण सांगणार होते?

गुरांबद्दलच्या आठवणी जितक्या आहेत तितक्या घरांबद्दलच्या नाहीत, आणि यात नवल काही नाही. घर जळले तर बांबू आणि गवत रानातून आणता येते, पण रेडा गेला की नांगर थांबतो, नांगर थांबला की भात नाही, आणि नवा रेडा मिळवायला आधी भात लागतो. त्यातून गुरांना खड्ड्यात नेता येत नसे. ती माळावर उभी राहत, त्यामुळे तीच आधी मरत, आणि त्यांना राखणारी मुले त्यांच्याबरोबर मरत. मुलांनी काढलेल्या चित्रांत हे दिसते. कागदाच्या वरच्या भागात विमान असते, बहुधा अगदी नीट, शेपटीपंखांसकट काढलेले. त्याच्यापासून खाली येणाऱ्या ठिपक्यांच्या किंवा रेघांच्या रांगा असतात. आणि खाली घर, झाड, जनावर, माणूस. अनेक चित्रांत माणसांना चेहरे नाहीत, पण लाल रंग नेमक्या जागी भरलेला आहे. वाट आणि त्यातले भिक्षू हेही चित्रांत वारंवार येतात, कारण बॉम्ब मंदिरावर पडणार नाहीत अशी गावाची श्रद्धा होती आणि ती खोटी ठरली.

या लेखनाला पुरावा म्हणून जे मोल आहे त्याचे कारण एका वादात सापडते. अमेरिकी प्रवक्त्यांचे म्हणणे असे होते की मारा फक्त लष्करी लक्ष्यांवर होतो आणि गावे टाळण्यासाठी कडक नियम आहेत. निर्वासितांचे म्हणणे याच्या अगदी उलट होते, आणि वेगवेगळ्या गावच्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांनी ते सारखेच सांगितले : सैनिक रानातून, रात्री, सतत जागा बदलत फिरत, त्यांना लपायचे शिक्षण असे, त्यामुळे ते क्वचित सापडत, गावात आणि शेतात जी माणसे एका जागी राहत ती म्हातारी, बाया आणि मुले असत, आणि बॉम्ब त्यांच्यावर पडत. १९७१मध्ये ब्रॅनफमनने सिनेटर एडवर्ड केनेडी यांच्या निर्वासितविषयक उपसमितीसमोर हे मांडले. मुलांच्या आठवणी भाबड्या किंवा पढवलेल्या असतात, असा आक्षेप अशा वेळी नेहमी घेतला जातो. या पानांवर तो टिकत नाही. पढवलेल्या मुलाने शत्रूबद्दल लिहिले असते. ही मुले रेड्याच्या पोटाबद्दल, मावशीच्या हाताबद्दल, कोणत्या पायवाटेने पळालो त्याबद्दल लिहितात, आणि असे का केले गेले, हा प्रश्न विचारून थांबतात, कारण त्यांना खरोखरच ते ठाऊक नव्हते.

जे पठार सोडून गेले नाहीत त्यांच्यापैकी अनेकांनी डोंगरातल्या नैसर्गिक गुहांचा आश्रय घेतला. प्रांताच्या ईशान्य भागातील थाम पिउ (‘थाम’ म्हणजे गुहा) या ठिकाणी अनेक गावांची माणसे राहत होती, आणि २४ नोव्हेंबर १९६८ रोजी विमानातून सुटलेला अग्निबाण गुहेच्या तोंडातून थेट आत शिरला. तिथल्या स्मारकावर मृतांचा आकडा ३७४ असा दिला आहे. त्यांत मुले आणि बाया मोठ्या संख्येने होत्या. गुहेच्या भिंती आजही काजळलेल्या आहेत. शेजारच्या हुआफान प्रांतातल्या व्हिएंगसाय येथे पाथेट लाओच्या नेतृत्वाने शेकडो गुहांत आपली राजधानीच वसवली होती, जिथे रुग्णालय, छापखाना, नाट्यगृह आणि शाळाही चुनखडीच्या डोंगरात होत्या, आणि हजारो माणसे नऊ वर्षे तिथे राहिली. तिथले बालपण वेगळे, संघटित आणि शिस्तीचे होते; त्याच्या कथा देशाच्या अधिकृत इतिहासात अभिमानाने सांगितल्या जातात. पठारावरच्या साध्या गावांची, कोणत्याही पक्षाची नसलेली मुले त्या कथेत नीट बसत नाहीत, आणि म्हणूनच त्यांच्या वह्यांना जास्त जपायला हवे.

फेब्रुवारी १९७३च्या करारानंतर बॉम्ब पडायचे थांबले. लोक पठारावर परतले तेव्हा फुआन राजांची जुनी राजधानी मुआंग खून जवळपास नाहीशी झाली होती. वाट फिया वाटमधली बुद्धाची मोठी बैठी मूर्ती, वर छप्पर नाही आणि भोवती भिंती नाहीत अशा अवस्थेत, विटांच्या खांबांमध्ये उघड्यावर बसलेली आजही दिसते. प्रांताचे ठाणे नंतर फोन्सावान या नव्या गावी हलवण्यात आले. शेते मात्र हलवता येत नव्हती, आणि शेतांत जे पडलेले होते त्याने बालपणाची दुसरी कथा सुरू केली.

ही दुसरी कथा समजून घेण्यासाठी क्लस्टर बॉम्ब म्हणजे काय हे पाहावे लागते. बाहेरून मोठ्या बॉम्बसारखे दिसणारे हे एक पोकळ पिंप असते, जे हवेतच उभे उकलते आणि आतले शेकडो छोटे बॉम्ब काही फुटबॉल मैदानांएवढ्या क्षेत्रावर विखुरते. लाओसमध्ये त्यांना ‘बॉम्बी’ म्हणतात. पठारावर सर्वांत जास्त आढळणारी बॉम्बी मुठीत मावणारी, लहान पेरूएवढी गोल असते. तिच्या धातूच्या कवचात सुमारे ३०० पोलादी छर्रे बसवलेले असतात आणि कवचावर उंचवट्याच्या कडा असतात, ज्यांमुळे पडताना ती गरगर फिरते आणि त्या फिरण्यानेच तिच्यातला स्फोटाचा खटका तयार होतो. पिंप फार खाली उकलले, बॉम्बी फांद्यांत अडकत आली किंवा भातखाचराच्या मऊ चिखलात रुतली, तर खटका अर्धवट राहतो. अशी बॉम्बी निकामी नसते, ती थांबलेली असते. लाओसवर सुमारे २७ कोटी बॉम्बी टाकल्या गेल्या आणि त्यांतल्या ३० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ८ कोटींच्या घरात, फुटल्या नाहीत, असा अंदाज आहे. १९६४पासून २००८पर्यंत जिवंत स्फोटकांनी आणि बॉम्बफेकीने ५० हजारांहून अधिक माणसे ठार किंवा जायबंदी झाली. त्यांतली सुमारे २० हजार युद्ध संपल्यानंतरची आहेत, आणि या नंतरच्या बळींत मुलांचे प्रमाण फार मोठे आहे.

त्यामागची कारणे साधी आहेत. लाओसमध्ये फ्रेंच अमलापासून पेताँक नावाचा धातूच्या गोळ्यांचा खेळ घरोघर लोकप्रिय आहे, आणि मातीने माखलेली बॉम्बी मुलाला त्या गोळ्यासारखी दिसते. थंडीच्या सकाळी शेकोटी पेटवली, तिच्याखाली वीतभर मातीत बॉम्बी असली, तर उष्णतेने ती फुटते. कोकणात राब भाजतात तशी जमीन भाजणाऱ्या डोंगरशेतीत हा धोका रोजचाच. बांबूचे कोंब खणायला मुले रानात जातात. आणि भंगार गोळा करायलाही जातात, कारण गरीब घरात लोखंडाच्या किलोभर तुकड्याला मिळणारा पैसा दुर्लक्ष करण्याजोगा नसतो. बॉम्बच्या पिंपांचे अर्धे भाग उभे करून त्यांवर धान्याची कोठारे उभारलेली, आडवे ठेवून त्यांत कांद्याची पात लावलेली, विमानांच्या रिकाम्या इंधनटाक्यांच्या होड्या केलेल्या, हे सारे या प्रांतात दिसते. बान नापिया या गावात युद्धातले ॲल्युमिनियम वितळवून लाकडी साच्यात चमचे ओतले जातात. मोडक्या वस्तूचे सोने करण्याच्या या कसबाचे प्रवासी कौतुक करतात, आणि ते कसब कौतुकाचे आहेच. तो धातू गोळा करताना कोणाच्या घरातले कोण गेले, हे मात्र चमचा विकत घेणाऱ्याला दिसत नाही.

या संदर्भात एका अवजाराची नोंद करायला हवी. पठारावरचा शेतकरी जमीन खणतो ती जड, रुंद पात्याच्या कुदळीने, जी डोक्यावर उगारून जोराने मातीत हाणावी लागते, आणि असा घाव बॉम्बीवर बसला तर खणणारा वाचत नाही. युद्धानंतरच्या वर्षांत, बॉम्ब शोधणारी कोणतीही यंत्रणा तिथे नव्हती तेव्हा, मेनोनाइट या अहिंसावादी ख्रिस्ती पंथाच्या मदतसंस्थेने गावांना लांब दांड्याची फावडी वाटली. फावड्याचे पाते पायाने दाबून हळूहळू मातीत सरकवता येते, कठीण काही लागले तर थांबता येते, आणि धोका पूर्ण टळला नाही तरी कमी होतो. दोन अवजारांमधला फरक एवढाच, उगारणे आणि दाबणे. ज्या पिढीने लहानपणी विमानांचे आवाज ओळखायला शिकून जीव वाचवला, तिने मोठेपणी पात्याला काय लागले हे पायाच्या तळव्याने ओळखायला शिकून शेती केली.

पद्धतशीर सफाई त्यानंतर पुष्कळ उशिरा सुरू झाली. १९९४मध्ये एका ब्रिटिश संस्थेने शिएंगखुआंगमध्ये काम हाती घेतले आणि १९९६मध्ये सरकारने आपला राष्ट्रीय कार्यक्रम उभारला. आता स्थानिक तरुणी मोठ्या संख्येने या पथकांत आहेत, काही पथके तर केवळ स्त्रियांची आहेत, आणि ज्यांच्या आज्या खड्ड्यांत लपल्या होत्या त्या नाती धातुशोधक यंत्र घेऊन त्याच खाचरांतून दोरीच्या आखणीत पाऊल पाऊल सरकतात. क्लस्टर बॉम्बवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार २००८मध्ये झाला, १ ऑगस्ट २०१० रोजी अमलात आला, आणि सदस्य देशांची पहिली परिषद त्याच वर्षी व्हिएन्टियानमध्ये भरली, हे औचित्याला धरूनच होते. अमेरिका, रशिया आणि चीन या करारात नाहीत. भारतही नाही, आणि लाओसच्या तटस्थतेची राखण ज्याच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाकडे होती, त्या देशाच्या वाचकाला ही गोष्ट खटकायला हवी. सप्टेंबर २०१६मध्ये पदावर असताना लाओसला भेट देणारे पहिले अमेरिकी राष्ट्राध्यक्ष म्हणून बराक ओबामा आले, अमेरिकेवर या जखमा भरून काढण्याची नैतिक जबाबदारी आहे असे त्यांनी मान्य केले आणि तीन वर्षांसाठी ९ कोटी डॉलर देऊ केले. साफ झालेली जमीन अजूनही एकूण बाधित जमिनीचा लहानसाच भाग आहे.

मुलांच्या त्या चित्रांचे पुढे काय झाले, हेही सांगायला हवे. पुस्तकाच्या प्रती यथावकाश मिळेनाशा झाल्या आणि मूळ चित्रे वॉशिंग्टनमध्ये कित्येक वर्षे पडून राहिली. लाओसमध्ये जन्मलेल्या आणि लहानपणी निर्वासित म्हणून अमेरिकेत गेलेल्या चन्नाफा खामवोंगसा यांच्या हाती ती आली, तेव्हा आपल्याच पिढीच्या लाओ-अमेरिकी तरुणांना या बॉम्बफेकीची काहीही माहिती नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. २००४मध्ये त्यांनी सुरू केलेल्या संस्थेने ही चित्रे अमेरिकेतल्या गावोगावी दाखवली आणि सफाईच्या कामाला अमेरिकी संसदेकडून मिळणारा निधी वाढावा म्हणून पाठपुरावा केला. मूळ पुस्तक २०१३मध्ये पुन्हा छापले गेले. ब्रॅनफमन त्यानंतरच्या वर्षी वारला.

शिएंगखुआंगच्या प्राथमिक शाळांत आज मुलांना बॉम्बींचे आकार चित्रांवरून शिकवले जातात. दिसली तर हात लावायचा नाही, दगड मारायचा नाही, आल्या वाटेने मागे फिरायचे आणि मोठ्यांना सांगायचे, हे गाण्यांतून आणि बाहुल्यांच्या खेळांतून पाठ करून घेतले जाते. जवळच्या खाचरात पथकाला दिवसभरात ज्या बॉम्बी सापडतात त्या हलवणे धोक्याचे असल्याने जागच्या जागीच उडवल्या जातात. त्याआधी पथकातले कोणीतरी हातकर्णा घेऊन गावाभोवती फिरते आणि स्फोट किती वाजता होणार ते सांगते. गुरे माळावरून आणली जातात, रस्ता अडवला जातो, मुलांना घरात बोलावले जाते. गावातल्या साठी-पासष्टीच्या माणसांना ही वेळ आधी कळवण्याकडे पथके विशेष लक्ष देतात.